न शिकवण्याची फी

हिरामणने घोडीचा पुढचा पाय उचलून आपल्या दोन गुडघ्यांत धरला आणि खुरात रुतलेला चिखल एका बोथट खिळ्याने कोरायला सुरुवात केली. समोर छत्री धरून उभ्या असलेल्या बाईंकडे त्याने मान वर करून पाहिलंही नाही.

"शिकवायचे रोजचे चाळीस," तो म्हणाला. "सकाळी तासभर. घोडी माझी, खोगीर माझं. पोरगी पडली तर मलमपट्टी तुमची."

"आणि न शिकवायचे किती?" सुहासिनीने विचारलं.

खिळा थांबला.

"म्हंजे?"

"म्हणजे तिला वर बसवायचं, फिरवायचं, पण शिकवायचं नाही. घाबरवायचं. पुन्हा घोड्याचं नाव काढता कामा नये. त्याचे मी वेगळे देईन."

हिरामणने घोडीचा पाय हलकेच खाली ठेवला. तो माथेरानचा घोडेवाला. पावसाळ्यात वर गिऱ्हाईक नसायचं, म्हणून दरसाल तो घोडी घेऊन खाली बदलापूरजवळ सोनिवलीला मेहुण्याकडे येऊन राहायचा आणि कुणी हौशी माणूस भेटलाच तर माळावर शिकवायचा. वीस वर्षांच्या धंद्यात लोकांनी त्याच्याशी घासाघीस केली होती, एका भाड्यात दोन-दोन पोरं बसवली होती. पण काम न करण्याचा भाव आजवर कुणी विचारला नव्हता.

"घाबरवायला मेहनत जास्त लागते, बाई," तो शेवटी म्हणाला. "आमचा धंदाच भीती काढायचा हाय."

सुहासिनीने पर्समधून शंभराच्या दोन नोटा काढल्या आणि खोगिरावर ठेवल्या. घोडीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. एवढ्या जवळून घोडा सुहासिनीने कधी पाहिला नव्हता. तो डोळा पेरूएवढा होता, आणि त्यात छत्रीसकट ती आख्खी मावली होती. ती नकळत एक पाऊल मागे सरकली.

"परवा रविवार. परवापासून घेऊन येते," ती म्हणाली.

सुनेत्रा फौजदाराच्या परीक्षेत पास झाली होती. चौऱ्याण्णव साली बाई फौजदार होते हे बदलापूरच्या शिरगावात लोकांना वाचून माहीत होतं. आपल्याच आळीतली झालेली कुणी पाहिली नव्हती. सुहासिनीने घरोघरी पेढे वाटले. वाटताना काही घरी ती दोनदा गेली, ती आनंदाने असं सगळ्यांनी धरून चाललं. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. अंबरनाथच्या कारखान्यात टाइम ऑफिसमध्ये बसून ती दिवसभर माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहायची आणि संध्याकाळी दोन खोल्यांत परत यायची. तिथे सुनेत्रा असायची. पंधरा ऑगस्टनंतर नसणार होती. आधी नाशिकला ट्रेनिंग, मग सरकार टाकील ते गाव.

'जाऊ नकोस' म्हणणं तिला शक्य नव्हतं. आईने असं म्हटलं की मुलगी जात नाही, आणि मग जन्मभर दोघी ते वाक्य घेऊन बसतात, हे तिला कळत होतं. अशात कुठूनसं समजलं की ट्रेनिंगमध्ये घोडा सक्तीचा असतो. सुनेत्रा शेळी दिसली तरी रस्ता ओलांडणारी मुलगी. तिथेच घोडं पेंड खाणार हे सुहासिनीला दिसलं, आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. मग तिनेच सुचवलं की जाण्याआधी थोडं शिकून घे. त्यावर सुनेत्राने तिच्या गळ्यात हात टाकले. "आई, किती विचार करतेस गं माझा!" हे वाक्य पुढे दोन दिवस सुहासिनीला टोचत राहिलं.

रविवारी हिरामणला काहीच करावं लागलं नाही. रिकिबीत पाय टाकतानाच सुनेत्राला घाम फुटला. वर बसल्यावर तिने लगाम सोडून घोडीच्या मानेला मिठी मारली आणि डोळे गच्च मिटून घेतले.

"उतरवा! काका, उतरवा मला!"

घोडी नुसती उभी होती. हौशी तिचं नाव. एवढं गरीब जनावर पाहून सुहासिनीला क्षणभर मुलीचा रागच आला, मग तिने मनातल्या मनात हात जोडले. सुंठीवाचून खोकला जात होता.

हिरामणने लगाम हाती घेऊन घोडी चालवली. शंभरेक पावलं झाली आणि हौशी आपणहून थांबली. तिने तोंड उजवीकडे वळवलं आणि ती शांतपणे उभी राहिली.

"काय झालं?" सुनेत्राने डोळे न उघडता विचारलं.

"पॉइंट आला," हिरामण म्हणाला.

"इथे कसला पॉइंट?"

"इथं नाय. तिच्या डोक्यात. माथेरानला दर पॉइंटला थांबायची सवय. गिऱ्हाईक बघून घेतं, मंगच ती हलते. तुम्ही पन बघून घ्या, नायतर संध्याकाळपर्यंत इथंच."

सुनेत्राने एक डोळा उघडला, मग दुसरा. माळाच्या पलीकडे भाताची खाचरं पाण्याने भरली होती आणि त्यांच्यामागे चंदेरीचा सुळका ढगातून अर्धाच वर आलेला होता. जन्मापासून ती बदलापुरात राहत होती, पण इतक्या उंचावर बसून तो डोंगर तिने पाहिला नव्हता. तिच्या ओठांची थरथर थांबली. हे सुहासिनीने पाहिलं. मात्र त्याचा अर्थ तिने लावला नाही.

सोमवारपासून सुहासिनीची सकाळपाळी होती. सुनेत्रा एकटीच सोनिवलीला जायची. रात्री आई विचारायची, "कसं चाललंय?" आणि ती म्हणायची, "ठीक." फेंगडी चालायची, कमरेला तेल लावायला सांगायची, जेवताना मध्येच गप्प व्हायची. सुहासिनी तेल लावताना मांडीवरचे काळेनिळे वळ पाहायची. पोरगी घाबरली आहे, सांगायला लाजते आहे, एवढंच तिला त्यातून कळलं. घोडामैदान जवळच होतं.

दुसऱ्या शनिवारी तिला राहवेना. ऑफिसात सकाळच्या अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती घरी न सांगता परस्पर सोनिवलीला गेली. माळाच्या कडेला एका नव्या इमारतीसाठी विटांचा ढीग रचलेला होता, त्याच्यामागे ती उभी राहिली. स्वतःच्या मुलीला चोरून पाहायला अशी उभी राहिलेली आई तिने दुसरी ऐकली नव्हती.

माळाच्या दुसऱ्या टोकाकडून कुणीतरी घोडा पळवत येत होतं. सुहासिनीला आधी वाटलं, कुणी मोठ्या घरची बाई असावी. बसणं इतकं सहज होतं की घोडा आणि माणूस वेगळे काढता येत नव्हते. खुरांचा आवाज आधी पायांखालच्या जमिनीतून आला आणि मग कानांना ऐकू आला. मग पिवळा पंजाबी ड्रेस दिसला. उल्हासनगरच्या सिंध्याशी अर्धा तास हुज्जत घालून त्याचं कापड सुहासिनीनेच घेतलं होतं.

ती सुनेत्राच होती. ही मुलगी तिने पोटात वाढवली, हिचे दुधाचे दात रुमालात बांधून ठेवले, आणि तरीही ही कोण आहे हे तिला माहीत नव्हतं. वाऱ्याने वेणी सुटली होती. तोंड किंचित उघडं होतं, आणि त्या तोंडावर भीती होती, नाही असं नाही. पण सुनेत्रा ती भीती सोबत घेऊन चालली होती, घरच्या कुणाला तरी मागे बसवून न्यावं तशी. सुहासिनीला देवळात नारळ फुटताना होतं तसं काहीतरी झालं. अंगावर काटा आला आणि तो जाईना.

आणि ऐन भरात हौशीला पॉइंट आठवला. ती जागच्या जागी थांबली. सुनेत्रा तिच्या मानेवरून सरळ पुढे गेली आणि चिखलात आदळली.

सुहासिनीच्या तोंडून किंकाळी निघणार होती, ती तिने पदराने दाबली. हिरामण लांबच होता. तो धावला नाही. सुनेत्रा उठून बसली. कोपरातून रक्त येत होतं. तिने ते पाहिलं, ओढणीने पुसलं, आणि घोडीसमोर जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हा कुठला पॉइंट गं, भवाने?" ती म्हणाली, आणि मोठ्याने हसली.

मग तिने एका हाताने आयाळ धरली आणि कुणाच्याही मदतीशिवाय पुन्हा वर चढली.

सुनेत्रा घरी गेल्यावर सुहासिनी विटांमागून बाहेर आली. हिरामणला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. त्याने बंडीच्या खिशातून शंभराच्या दोन्ही नोटा काढल्या. त्यांची घडीही मोडलेली नव्हती.

"घ्या. ह्याचं काम माझ्याच्यानं झालं नाय."

"तुम्ही तिला शिकवलंत," ती म्हणाली. त्यात तक्रार होती की आणखी काही, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"मी काय शिकवतो? चार दिवस लगाम धरला, पाचव्या दिवशी तिनंच मागितला." हिरामण खोगिराचा पट्टा सोडू लागला. "एक सांगू? परवा तिनं मला वीस रुपये देऊ केले. म्हनली, काका, आई विचारायला आली तर सांगा, पोरीला घोडा जमत नाय. मी विचारलं, का? तर म्हनते, मी गेले तर आई एकटी पडेल. तसं बोलले तर ती मला धक्के मारून पाठवील. घोड्याचं नाव सांगितलं की प्रश्न मिटला."

सुहासिनीने सुनेत्रा गेली त्या वाटेकडे पाहिलं.

"तुमी दोघी मायलेकी मला एकच काम सांगता," हिरामण म्हणाला. "आता पैसे कोणाचे घेऊ?"

त्या रात्री जेवताना सुनेत्राने भाकरीचा तुकडा मोडला आणि तो आमटीत बुडवत राहिली.

"आई, मला घोडा नाही जमत गं."

"हो?"

"भीती वाटते. आजसुद्धा पडले." तिने कोपर पुढे केलं, पुरावा म्हणून. "मी कळवून टाकते त्यांना. बँकेची परीक्षा देईन. इथेच कुठेतरी बघेन काहीतरी."

सुहासिनीने जे मागितलं होतं ते असं ताटात वाढून समोर आलं होतं. फक्त 'बरं' म्हणायचं होतं. या दोन खोल्या, संध्याकाळचा हा दिवा, आणि समोर बसलेली ही मुलगी, सगळं जसंच्या तसं राहणार होतं. तो शब्द तिच्या जिभेवर आला होता. तिला तो इतका हवा होता की तिचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला तिने उगाचच भाजीत मीठ कमी आहे का ते चाखून पाहिलं.

"उद्या सुट्टी आहे," ती म्हणाली. "मी येते तुझ्याबरोबर. बघू तरी कसं जमत नाही ते."

रविवारी पाऊस नव्हता. सुहासिनी माळाच्या मध्यावर हिरामणशेजारी उभी राहिली आणि सुनेत्रा घोडीवर बसली. चढताना ती दोनदा घसरली. बसली ती पोतं टाकावं तशी. खांदे पाडून, कोपरं बाहेर काढून. लगाम एवढा सैल धरला की तो घोडीच्या गुडघ्याला लागत होता. हौशीला काही उमगेना. दोन पावलं पुढे गेली, थांबली, मागे सरली, मग मान वळवून आपल्या पाठीवर आज कोण बसलं आहे ते पाहू लागली.

"बघ," सुनेत्रा ओरडली. तिचा आवाज मात्र खरंच कापत होता. "बघितलंस ना? नाही जमत."

हिरामण जमिनीकडे पाहत होता. काल मारे दिमाखात दौडत गेलेली मुलगी आज आपली सगळी विद्या पणाला लावून वाईट बसत होती, आणि तेही तिला किती छान जमत होतं! न पडता पडल्यासारखं करायला केवढा तोल लागतो, हे घोड्याशी कधी संबंध न आलेल्या सुहासिनीलाही दिसत होतं. हे सगळं आपल्यासाठी चाललं आहे. एवढं आपल्यासाठी आजवर कुणी केलं नव्हतं, आणि ते घेता येणार नव्हतं. ती एक पाऊल पुढे झाली.

"सुनेत्रा," ती म्हणाली. "नीट बस."

"आई, नाही गं येत—"

"नीट बस म्हणते ना!"

सुनेत्राची पाठ ताठ झाली. मनाला विचारायच्या आधीच झाली. चार वर्षांची असल्यापासून या आवाजाला ती तशीच ताठ होत आली होती. खांदे मागे गेले, कोपरं अंगाला लागली, लगाम आपोआप आखडला. घोडीने कान टवकारले. मग सुनेत्राच्या लक्षात आलं की आपण काय केलं, आणि तिने आईकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"तू काल आली होतीस," ती म्हणाली.

"हो."

"मग तू... एकटी..."

"माझं मी बघेन. तू पुढे बघ."

सुनेत्राने गाल खांद्याला पुसला, कारण दोन्ही हात लगामावर होते. मग तिने टाच लावली.

माळाच्या टोकाला पोचल्यावर तिने घोडी वळवली आणि लांबून आईच्या दिशेने पाहिलं. हिरामणने हात वर केला. सुहासिनीलाही करायचा होता, पण इतक्या उंचावर बसलेल्या माणसाला आपण हात कसा करायचा ते तिला सुचेना. ती नुसती मान वर करून पाहत राहिली.