सिमेंट फासलेला कूड

मित्रांनो, मी एक म्हातारा कूड आहे. कूड म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या बांधून, शेणामातीने लिंपलेली भिंत. तलासरीच्या डोंगराकडच्या एका पाड्यावर कमळीच्या घराची दर्शनी बाजू मीच सांभाळतो. सांभाळतो म्हणायचं आपलं. हल्ली मलाच लाकडाचा टेकू लागतो. आणि आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेला आहे. गोड गोष्ट हवी असेल तर दुसरीकडे जा.

काकड्या आणि कमळीचं लग्न झालं, तेव्हा दोघांनी रानातून कारवी आणून मला उभं केलं. कमळीच्या हाताची बोटं अजून माझ्या आतल्या अंगावर उमटलेली आहेत. दरसाल ती मला नवी माती देई. पावसात मी भिजे, उन्हात वाळे, पुन्हा खडखडीत होई. सोयरे आले की म्हणत, "कमळे, घर कसा गुळगुळीत लिंपलाय!" तेव्हा मला फार बरं वाटे. पण दिवस जातात तशी कारवीही जुनी होते. सून शितल बाळंत झाली, तेव्हा बाळाच्या अंथरुणापर्यंत ओल येऊ लागली. त्या पोराला कोरडी जागा मिळावी, एवढाच कमळीला ध्यास लागला.

अशात बातमी आली. ज्यांना पक्कं घर नाही, त्यांना सरकार पहिलं घर बांधायला मदत देणार. पाहणीला माणूस येणार, घर बघणार, फोटो काढणार.

आता आमच्याकडची रीत ऐका. घर बघायला कुणी येणार म्हटलं की घर सजवायचं. पाहुण्याला फाटकं दाखवणं म्हणजे त्याचा अपमान. काकड्या चारोटीला एका इमारतीवर बिगारी होता. मुकादमाकडून उरलेलं सिमेंट मागून त्याने डोक्यावरून घरी आणलं.

"साहेब येल, त्याला असाच दाखवाचा काय घर?" तो म्हणाला.

"नाय तं काय! चांगला दिसाय पायजे," कमळी म्हणाली.

दोघांनी मिळून माझ्या बाहेरच्या अंगाला सिमेंट फासलं. आतून मी तोच, शेणामातीचा. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण भिंतींना नुसते कान असतात.

पाहणीवाला आला. मोटारसायकलवरून उतरलासुद्धा नाही. मोबाईल वर धरून म्हणाला, "बाई, ही तर सिमेंटची भिंत. पक्कं घर आहे तुमचं."

"आतमदी ये ना साहेब, पानी तं पी," कमळी म्हणाली.

"वेळ नाही," म्हणाला आणि गेला.

पलीकडे चिमणचं स्लॅबचं घर आहे. चिमण हुशार. त्याने बैल बाहेर काढले आणि हेच माझं घर म्हणत स्वतः गोठ्यात जाऊन उभा राहिला. फोटो गोठ्याचा निघाला, मदत चिमणला मिळाली. ते नवं घर आज भाड्याने दिलेलं आहे. लबाडाला मांडव आणि सरळ माणसाला ऊन, असा हा न्याय! थू असल्या न्यायावर.

पुढच्या पावसाळ्यात सिमेंटामागे पाणी शिरलं आणि तिथेच कोंडलं. मला वाळताच येईना. कारवी कुजली. एके दुपारी सिमेंटाच्या भाराने मी आत फुगलो आणि मातीचा मोठा ढेपसा पोराच्या अंथरुणावर कोसळला. पोर तेव्हा शितलच्या मांडीवर होतं म्हणून वाचलं. ज्याला सांभाळायचं, त्याच्याच जिवावर मी उठलो होतो.

कमळी कचेरीत गेली. परत येऊन नवऱ्याला म्हणाली, "त्ये सांगतात, फोटोत भित चांगली हाय. तुमीच मुद्दाम फोडली आसल."

काकड्याने मला आतून टेकू लावला. शितलने पोराची झोळी माझ्यापासून लांबच्या वाशाला टांगली. ते मी पाहिलं, आणि मला रडू आलं.

त्या मोबाईलमध्ये मी अजून ताठ उभा आहे, पक्का. इथे मात्र पुढचा पाऊस मी काढणार नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या साहेब होईल. कुणाचं घर बघायला गेलात, तर गाडीवरून उतरा. उंबऱ्याच्या आत या. कमळी पाणी देईल, ते प्या. मग माझ्यावर हात ठेवून बघा.

फक्त जोर लावू नका. घरात पोर झोपलेलं असतं.