पेवात झोपलेल्या बाटल्या

"हळू याडी, हळू! हिसका नको देऊ. झोपली हाये ते," रविकांत पेवातून ओरडला.

मी पेवाच्या तोंडाशी ओणवी झाले होते. तो खालून एकेक बाटली वर देत होता आणि मी ती आडवीच्या आडवी, सुईणीने तान्हं पोर झेलावं तशी घेऊन चिंध्या घातलेल्या पेटीत ठेवत होते. झोपली म्हणे! याडी म्हणजे आई, तिच्या गुडघ्यांना रात्ररात्र झोप नाही, त्याची चौकशी नाही. बाटलीची झोप मोडायला नको.

रविकांत माझा एकुलता. पुण्याच्या मोठ्या हॉटेलात वाइन पाजायची नोकरी करतो. पाजायची म्हणजे आधी स्वतः हुंगायची, तोंडात घोळवायची आणि थुंकायची. थुंकायचा पगार मिळतो असं मानोऱ्याच्या बाजारात सांगितलं तर लोक मलाच वेड्यात काढतील, म्हणून मी 'मॅनेजर आहे' सांगते.

या बाटल्या फ्रान्सातल्या. तिकडे बरगंडी नावाचा मुलूख आहे, तिथली तांबडी वाइन. एक साहेब आपल्या देशी परतताना रविकांतला देऊन गेला. तेव्हा हा पत्र्याच्या खोलीत राहायचा. तिथे त्या उकळल्याच असत्या. मग त्याला घर आठवलं. आई नाही, पेव आठवलं. मुरमात पुरुषभर खोल खणलेलं, वर दगड तापून फुटले तरी आत गारवा. आमची ज्वारी असायची त्यात. ती उपसायला लावली.

"अंधार पायजे, गारवा पायजे, अन् हात नाई लावायचा," तो म्हणाला होता. "हे जितकी म्हातारी होते ना याडी, तितकी चांगली होते."

"मंग मलेच ठेव ना पेवात."

तो हसला होता. मी नव्हते हसले.

आमच्या तांड्यातल्या मोहाच्या भट्ट्या मीच फोडल्या. माझा नवरा सोमला दारूपायी गेला. त्याची राख थंड व्हायच्या आत मी बायका गोळा केल्या, मडकी फोडली आणि तांड्याच्या नायकाच्या दारात उभं राहून सांगितलं, कमलीबाईच्या उंबऱ्यात दारूचा थेंब येणार नाही. तीच मी पोराच्या बाटल्या राखत बसले. तांड्यात लपतं काय? शेजारची केशरबाई, जी भट्ट्या फोडताना काठी घेऊन माझ्या सोबत होती, भर नळावर म्हणाली, "काहून वं कमले, आमच्या नवऱ्याईची ते दारू, अन् तुह्या पोराचं ते औषध?"

"तुह्या नवऱ्याले आधी थुंकाले शिकव," मी म्हटलं, "मंग बोल."

ती घागर उचलून चालती झाली. पण बायकांच्या बैठकीचं बोलावणं मला त्या दिवसापासून आलं नाही. ते मी गिळलं. कारण बापाचे दिवस उरकून गेलेला पोरगा वर्षानुवर्षं फिरकला नव्हता, तो बाटल्या ठेवल्यापासून दर उन्हाळ्याच्या तोंडाशी यायला लागला. पेवात उतरायचा, बाटल्यांवर बॅटरी फिरवायचा, रात्री अंगणात बाजेवर पडून माझ्याशी बोलायचा. मग मी पेवाच्या तोंडावर ओली पोती टाकायचे, कांदा आणि घासलेट जवळ फिरकू द्यायचे नाही. लोकांना वाटायचं बाटल्या सांभाळते. मी पोरगा सांभाळत होते.

या खेपेला त्याचा आधी फोन आला. "एक बाटली उभी करून ठेव याडी. गाळ खाली बसू दे. झाली का नाई ते पाहू. झाली असन त पेटीभर नेतो."

पेटी भरली तसा तो ती उभी बाटली घेऊन ओसरीत बसला. बूच काढताना अर्धं मोडलं, तर त्याच्या कपाळावर घाम. मेणबत्तीपुढे बाटली धरून त्याने इतकी हळू ओतली, की दोन वासरं पिऊन झाली असती. पेल्यात पाहते तर रंग झिजलेल्या विटेसारखा, कडेला पिवळट.

"नासली," मी म्हटलं.

"नासली नाई. पिकली."

आमच्यात पहिला थेंब भुईला, पितरांना. पुण्यात राहूनही त्याचा हात सवयीने कलला.

"थांब," मी म्हटलं. "बापाले नको देऊ. त्यानं त्याच्या वाट्याची कवाच पेली."

त्याने पेला नाकाशी नेला आणि किती तरी वेळ तसाच बसला. बापाच्या मयताला कोरडे राहिलेले त्याचे डोळे माझ्यासमोर भरून आले.

"याडी," तो म्हणाला, "पाऊस पडून गेल्यावरचं रान. कुजलेला पाला. अळंबी. जुनं चामडं..."

"हे समदं अठीच होतं. रान, पाला, अळंबी. चामडं पायजे त तुह्या बापाची वहाण होती. फुकट होतं. मंग सोडून गेला कायले?"

त्याने घोट घेतला. या वेळी थुंकला नाही.

"आता झाली," तो म्हणाला. "याच्यावर ठेवली त उतरत जाते. साऱ्याच नेतो. घरी थंड मशीनचं कपाट घेतलं."

मी आयुष्यात कुणाला आर्जव केलं नाही. त्या दिवशी केलं.

"दोन राहू दे. जागा हाये पेवात."

"कायले? रुचिकाबी म्हणते, तुले उगाच तरास." रुचिका म्हणजे सून.

"मंग पुढल्या उन्हायात?"

"पाहू. सुट्टी भेटली त."

मी ताट वाढायला उठले. अंबाडीची भाजी, गरम भाकरी, तव्यावरचा ठेचा. लहानपणी या भाजीसाठी रुसायचा.

"आता नको याडी. तोंडात चव हाये, ते राहू दे. अन् ऊन चढाच्या आंदी निघतो, बाटल्या तापतीन."

पाया पडला. एक हात माझ्या पायावर, दुसरा पेटीवर. गाडी तांड्याच्या वळणावर हळूच गेली, खड्डा चुकवत, आत बाळंतीण बसवल्यासारखी.

धूळ खाली बसेपर्यंत केशरबाई कुडाशी आलेली.

"गेला काय वं? जेवला का पोरगा?"

"जेवला. दोनदा भाजी मागून घेतली."

"अंबाडीची ना? वास येऊन राह्यला. उरली असन त दे वाटीभर."

"उरते कायची," मी म्हटलं. "पुसून खाल्ली त्यानं."

ती लगेच जाईना. कुडावरून मान लांबवून चुलीकडे पाहत राहिली. मी पदर सावरला आणि भाजीने काठोकाठ भरलेल्या गंजाकडे पाठ करून, तो तिला दिसू नये अशी, चुलीपुढे बसून राहिले.