उतरणीचा गुडघा

चढताना माझा गुडघा कधीच कुरकुरला नाही. उतरताना मात्र जीव नकोसा व्हायचा. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, कारण सांगितली असती तर डोली वाहणाऱ्यांतली माझी जागा गेली असती.

आम्ही हिरकणीवाडीचे. रायगड बघायला येणाऱ्यांपैकी ज्यांना पायऱ्या झेपत नाहीत, त्यांना डोलीत बसवून आम्ही चौघे वर नेतो आणि खाली आणतो. मागच्या दोघांना डोलीमुळे पुढची वाट दिसत नाही. पुढचा उजवा माणूस बघतो आणि सांगतो, "पायरी", "सुटा दगड", "डावीकडं". तो सांगेल तसे मागचे पाय टाकतात. पंधरा वर्षं हा पुढचा उजवा म्हणजे मी, महिपत. माझ्यासारखा सांगणारा अख्ख्या वाडीत नव्हता. माझ्या तोंडानं सांगतोय म्हणून काही ते खोटं होत नाही.

चौतीस सालच्या पौषात रिकामी डोली घेऊन उतरताना माझा पाय सरकला आणि उजवा गुडघा अंगाखाली सापडला. संध्याकाळपर्यंत तो नारळाएवढा झाला. वाडीतल्या औषधपाणी करणाऱ्या साळूबाईनं पाला बांधला, त्यानं सूज ओसरली, पण पायात जोर येईना. शेवटी बैलगाडीतून महाडला डॉक्टरकडे गेलो.

डॉक्टर म्हणाले, "पंधरा दिवस घरी बस. मग सपाटीवर चाल. मग सायकल चालव, म्हणजे भार न पडता गुडघा फिरता राहील. त्यानंतर थोडी थोडी चढण." उतरणीबद्दल ते काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. चढलेला माणूस उतरणारच, त्यात विचारायचं काय?

माझ्या जागी मुरारी आला. चार पोरांचा बाप, अंगानं माझ्यापेक्षा आडवा, बोलायला थंड. हा कसला वाट सांगणार, असं मी घरी बसून रखमेला, माझ्या बायकोला, दिवसातून दहादा ऐकवत असे. मागचा खांदा लावणारे गोमाजीतात्या आमच्यात वडीलधारे. त्यांनी सांगितलं होतं, "बरा झालास की जागा तुझी." त्या एका वाक्यावर मी दिवस काढत होतो.

पंधरा दिवसांनी भाताच्या मोकळ्या खाचरांतून चालायला लागलो. रखमा मागून यायची. मी जरा पाय उचलला की ओरडायची, "अवो, डोली हाय का खांद्यावर? हळू चला." ती बाजूला असली की मी हळू चालायचो, नजरेआड झाली की भरभर.

सायकल मिळाली ती नात्याच्या मालोजीची. तो रखमेचा मामेभाऊ. मुंबईला असताना घेतलेली सायकल त्यानं महिनाभर आमच्याकडे ठेवली आणि चार दिवस राहून मला शिकवली. पहिल्या दिवशी मी निवडुंगात गेलो, दुसऱ्या दिवशी आमच्या डोलीवाल्या हैबतीच्या म्हशीवर. म्हैस जागची हलली नाही. पाचव्या दिवशी एकटा पाचाडच्या गाडीरस्त्याला लागलो आणि उतारावर पाय न हलवता वारा खात खाली गेलो. इतक्या वर्षांत मी आयता कधी उतरलो नव्हतो. फार मजा आली. गुडघा बरा झाला, असं मी त्याच दिवशी ठरवून टाकलं.

मग गडाच्या पायऱ्या. आधी पन्नास, मग दोनशे, मग थेट बुरुजापर्यंत. वाडीतली माणसं खालून बघत आणि म्हणत, महिपत हरणासारखा चढतोय. खरंच चढत होतो. पण वळून पहिल्या पायरीवर उजव्या पायाचा भार आला की गुडघ्याच्या वाटीखाली कळ उठायची आणि पाय लुळा पडायचा. मग झाडीआडच्या वाटेनं, कुणी बघत नाही ना याची खात्री करून, मी बसून एकेक पायरी घसरत उतरायचो.

एका दुपारी रखमा माझं धोतर शिवत बसली होती.

"चढताना कुणाचं धोतर मागून फाटत नाय," ती म्हणाली.

"दगडावर बसलो होतो गो."

"रोज?"

मी धोतर तिच्या हातातून ओढून घेतलं. वर तिच्यावरच खेकसलो. बायकोनं खरं ओळखलं की मला फार राग येतो.

चैत्रात गोमाजीतात्यांनी निरोप दिला, सोमवारी ये. पोलादपूरच्या आनंदीबाई आल्या होत्या, सत्तरीच्या, सोबत मुलगा रावजी. पुढे उजवीकडे मी, डावीकडे हैबती, मागे तात्या आणि चांगू. मुरारीलाही तात्यांनी बरोबर घेतलं होतं, पाव्हण्यांची शिदोरी धरायला म्हणून. त्याच्या हातातली टोपली बघून मला बरं वाटलं. लपवत नाही, चांगलंच बरं वाटलं.

वर जाताना मी असा वाट सांगत गेलो की आनंदीबाई म्हणाल्या, "काय रे बाबा, तू पायऱ्या पाठ केल्यास का?" माझी छाती फुगली.

त्यांनी जगदीश्वराचं दर्शन घेतलं, बाजारपेठ बघितली, भाकरी खाल्ली. मी माझी भाकरी फडक्यात तशीच बांधून ठेवली. घसरत उतरणं एकट्याला जमतं, खांद्यावर डोली असताना नाही. रोज ढकलत आणलेली गोष्ट आता समोर येऊन ठाकली होती.

डोली उचलली. सपाटीवरून पायऱ्यांच्या तोंडाशी आलो. खाली पहिली पायरी दिसत होती, उजवीकडे झिजलेली. मागून तात्या म्हणाले, "सांग रे."

मी तोंड उघडलं. "ठेवा खाली," म्हणालो.

डोली टेकली. "काय झालं?" हैबतीनं विचारलं.

"मला उतराया येत नाय. चढाया येतं. उतरताना गुडघा धरत नाय. पयल्यापासून."

रावजी भडकले. "मग हे खाली सांगायला काय झालं होतं? आईला पायऱ्यांवर टाकली असतीस!"

"अरे, टाकायच्या आधी बोलला ना तो," आनंदीबाई डोलीतूनच म्हणाल्या. "मग गप्प राहा."

मी मान वर केली तर मुरारीनं टोपली खाली ठेवली होती आणि खांद्यावर फडकं घेतलं होतं. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

"तात्या, तुमाला ठाव होतं?"

"चार दिस झालं. रखमा सांगून गेली."

"मग बोललात का नाय?"

"तू बोलतोस का ते बघत होतो," तात्या म्हणाले. "आमी तुझ्या गुडघ्यावर पाय टाकत नाय रे, तुझ्या शब्दावर टाकतो. गप राहून पाय उचलला असतास, तर तितंच थांबवली असती डोली. आन पुन्यांदा खांदा लावू दिला नसता."

मला रखमेचा राग आला, तात्यांचा आला, आणि ते दोन्ही राग आल्यापावली विरले. शरम तेवढी राहिली.

ते उतरू लागले. मी टोपली घेऊन पहिल्या पायरीवर बसलो आणि ऐकत राहिलो. "पायरी. झिजलीय, डावीकडं. सुटा दगड." मुरारीचा आवाज थंडच होता. त्यानं एक तरी चूक करावी असं मला वाटत होतं. डोलीत म्हातारी असतानासुद्धा वाटत होतं, इतका मी हलक्या मनाचा झालो होतो. त्यानं एकही चूक केली नाही.

मीही निघालो, बसून, घसरत. वर येणारी माणसं भेटत होती, काही ओळखीची, एकदोघे हसलेही. मी त्यांना हसू दिलं. खाली पोचायला मला दुपार टळली.

पाव्हणे निघून गेले होते. तात्या एकटेच डोलीजवळ दोऱ्या आवळत बसले होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"उद्या महाडची माणसं हायत," ते म्हणाले. "चढताना पुढं तू, उतरताना मुरारी. चालल का?"

मी टोपली खाली ठेवली आणि दोरीचं दुसरं टोक ओढून धरलं. मग नीट, मोठ्यानं म्हणालो, "येतो."