दार मुलानेच लावायचं

शाळेच्या जिन्याखाली समुपदेशक बाईंची खोली होती. खोली कसली, पूर्वीची अडगळच ती. दोन खुर्च्या मावल्या की संपली. तिथला नियम एकच: दार मुलानेच लावायचं. पोराला कोंडल्यासारखं वाटू नये म्हणून बाई स्वतः दाराला हातही लावत नसत. दार लागलं की म्हणत, "इथलं इथंच." अख्ख्या शाळेला हे पाठ होतं.

त्या दिवशी सातवीतली रेडिओ आली. तोंडाला विश्रांती नाही म्हणून वर्गाने ठेवलेलं हे नाव. तिने दार लावलं, बाईंनी सवयीने शब्द देऊन टाकला, आणि रेडिओ चक्क अडखळली.

"बाई, तुमच्या मुलीबद्दल आहे."

बाईंची लेक रेडिओच्याच वर्गात होती. खरं तर तिथेच थांबवून पोरीला वर्गशिक्षकांकडे पाठवायचं. आपल्याच पोराचं प्रकरण आपण ऐकायचं नाही, हे नव्या समुपदेशकांना घसा कोरडा होईपर्यंत सांगणाऱ्या याच बाई. पण लेकीचा विषय निघाल्यावर शहाणपण कुणाला सुचतं!

"तिच्याशी कुणीच बोलत नाही. ती आली की सगळे गप्प. आमचं बोलणं ती घरी तुम्हाला सांगेल ना! मीसुद्धा नाही बोलत. डबा ती बाथरूममध्ये बसून खाते. पण मी सांगितलं हे तिला कळू देऊ नका हं. कुणालाच नका. आत्ताच म्हणालात तुम्ही."

म्हणाल्या होत्या खऱ्या. हात दगडाखाली सापडला तो असा. शब्द मोडावा, तर वर्गाची भीती खरी ठरते आणि लेक कायमची एकटी पडते. पाळावा, तर उद्याही तिचा डबा तिथेच उघडणार. बाईंना रडू येत होतं, पण समोर रेडिओ बसली होती.

संध्याकाळी स्वयंपाकघरात त्यांनी लेकीचा डबा धुवायला घेतला. चाटूनपुसून रिकामा.

"कसा गेला दिवस?"

"मस्त."

"डबा कुणाबरोबर खाल्लास गं?"

प्रश्न साधा होता, कुठलीही आई विचारते. पण आवाज निघाला तो जिन्याखालचा, मऊ आणि सावध. लेकीने झटकन मान वर केली.

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही बाळा."

लेक आईकडे बघत राहिली. मग उठली, स्वयंपाकघराचं दार तिने स्वतःच्या हाताने लावलं आणि स्टुलावर ताठ बसली.

"बाई," ती म्हणाली. "इथलं इथंच ना? माझ्या आईला सांगायचं नाही."

नळ वाहत होता. बाई ओल्या हातांनी तशाच तिच्यासमोर बसल्या.

"इथलं इथंच."

"मला आई शाळेत नको आहे," लेक म्हणाली, आणि हमसून रडायला लागली.

तिला घट्ट पोटाशी धरावं म्हणून आईचे हात शिवशिवत होते. बाईंनी हळूच मान डोलावली, खोलीत नेहमी डोलावत तशी.