तेलाच्या कॅनवरची रेघ

पाच लिटरच्या तेलाच्या कॅनवर काळ्या मार्करने ओढलेली रेघ. रेघेशेजारी तारीख.

देवघरात, बाळकृष्णाच्या पाळण्याला टेकून, प्लास्टिकची बाटली. आत तीन खडे. एक हरभऱ्याएवढा, दोन तुरीच्या डाळीएवढे.

टाकी काढली तरी नळ चालूच राहतो.

कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचा वास लुगड्याला लागला, की दोन धुण्यांत जात नाही.

मारुतीचं देऊळ दुपारी बारा ते चार बंद असतं.

आता हे सगळं एकाच घरातलं. घर जळगावात, रेल्वे लाइनीच्या जवळ. आणि घरात तीन माणसं. कमलबाई, तिचा मुलगा नवल, सून सारिका.

कमलबाईचं वय एकसष्ट. त्यातली तीस वर्षं पित्तात गेली. वांगं खाल्लं की पित्त, मिरची खाल्ली की पित्त. मग डोक्याला फडकं बांधून भिंतीकडे तोंड करून पडायचं. धुळ्याजवळच्या गावात जन्मलेल्या या बाईनं तीस हिवाळे भरिताच्या पंगतीत बसून वरण-भात खाल्ला. वाढणारा आला की पत्रावळीवर आडवा हात. गेल्या दसऱ्याच्या सुमारास पोटात अशी कळ आली की ती जमिनीवर लोळली. खडे निघाले. धुळ्याला भाऊ असतो, म्हणून तिथल्याच दवाखान्यात पोटाला चार भोकं पाडून पित्ताशय काढलं.

घरी सोडताना तिनं डॉक्टरांना एवढंच विचारलं, "साहेब, आता पित्त तर नाही होणार?"

डॉक्टर घाईत होते. हसले. "अक्का, पित्ताची पिशवीच काढली. आता कसलं पित्त!"

त्यांच्या लेखी ती गंमत. कमलबाईनं तो निकाल समजून पदराला बांधला.

डॉक्टरांनी पुढे सांगितलेलं सगळं सारिकानं ऐकलं. पिशवी ही नुसती टाकी. पित्त यकृतात तयार होतं, ते होतच राहणार. टाकी काढली तरी नळ चालूच राहतो. थेंब थेंब आतड्यात पडत राहतो. एकदम भरपूर तेलतूप पोटात गेलं तर ते पचवायला साठा नसतो, मग पोट धावतं. थोडं थोडं खायचं, काही महिने तेलावर हात राखायचा. ज्या बाईचा जन्म टाक्या भरण्यात गेला, तिला हे कळायला जड नव्हतं. सारिकानं तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा कमलबाई म्हणाली, "डॉक्टरनं मला सांगितलं ते खरं, का तुला सांगितलं ते?"

*

रेघ: ८ डिसेंबर.

दोन गल्ल्या मागे कोकिळाचं भरिताचं दुकान. दुकान कसलं, पत्र्याची पडवी. कोकिळा कमलबाईच्या माहेरगावची. दोघी एका विहिरीवर धुणं धुतलेल्या. पडवीत काड्यांचा जाळ, लाकडी बडगीत वांगी ठेचायचा आवाज, कढईत कांद्याची पात.

"ये वं कमलबाई. देवदर्शन व्हयनं का?"

"व्हयनं. आते प्रसाद दे."

"आन तुन्हं पित्त?"

"मन्हं पित्तच नही आते. बाटलीमा भरी ठेयेल शे, देवघरमा." दोघी हसल्या.

द्रोणात हिरवंगार भरीत, त्यावर तेल तरंगलेलं. तीस वर्षांची उपाशी जीभ. पहिल्या घासाला कमलबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मिरचीचं नव्हतं.

अर्ध्या तासानं ती घराच्या दिशेनं चालत नव्हती, पळत होती.

संध्याकाळी नवल कामावरून आला. आई पांढरी पडलेली. त्यानं सरळ ओट्यावरचा कॅन उचलला. तो चटईच्या कारखान्यात पाळीवर असतो. तिथं प्रत्येक पिंपावर मार्करनं खूण करायची पद्धत. किती होतं, किती गेलं, कोणाच्या पाळीत गेलं. खिशातला मार्कर काढून त्यानं कॅनवर रेघ मारली.

"आजपासून कळेल," तो सारिकाला म्हणाला, "आईच्या भाजीत तू किती ओततेस ते."

कमलबाई आतल्या खोलीत होती. सांगायला तोंड उघडायचं होतं. तिनं गोधडी ओढून घेतली.

*

रेघ: ११ डिसेंबर.

तेल रेघेच्या जेमतेम बोटभर खाली गेलं होतं. कमलबाई मात्र पुन्हा दोनदा आजारी.

नवल कॅन उजेडात धरून बघत राहिला. "मग तेलाची दुसरी पिशवी कुठे लपवलीय?"

 सारिकानं एकेक कपाट उघडलं. डाळीचा डबा, पिठाचा डबा, गॅसच्या टाकीमागची जागा. उघडायची आणि बाजूला उभी राहायची. कमलबाई शेजारच्या खोलीत मटार सोलत बसली होती. कपाटाच्या प्रत्येक दाराचा आवाज तिच्या छातीत वाजत होता. खाई त्याला खवखवे म्हणतात. कमलबाईला खवखवत नव्हतं, जळत होतं. आणि पित्त तर काढलेलं.

त्या दिवसापासून सारिकाची भाजी पाण्यावर शिजायला लागली. दुधी, दोडका, पुन्हा दुधी. ती स्वतःही तेच खायची. "एकाच घरात दोन चवी कशाला," म्हणायची.

कमलबाईनं मारुतीची शपथ घेतली, आता भरीत बंद. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता त्याच मारुतीचं नाव सांगून घराबाहेर पडली.

*

रेघ: १८ डिसेंबर.

"तेल महाग व्हयनं का वं? भरीत कोरडं लागस."

"तेल तितलंच शे," कोकिळा जाळाकडे बघत म्हणाली. "तुन्ही जीभ सोकावनी."

कमलबाईनं उठून कढईतली पळी स्वतःच्या हातानं घेतली आणि द्रोणात दोनदा उपडी केली. कोकिळानं जाळात काड्या सारल्या. एरवी ती दहा टोमणे मारायची.

*

रविवारी दोंडाईच्याला सारिकाच्या धाकट्या बहिणीचा, ममताचा, साखरपुडा होता. त्यांची आई सहा वर्षांपूर्वी गेलेली. आई नसलेल्या घरात ओटी भरायला थोरलीनंच पुढे व्हायचं. सारिकानं शुक्रवारीच बॅग भरली होती: खण, नारळ, वडिलांसाठी टोपी, ममतासाठी हिरव्या बांगड्या कापसात गुंडाळून. सकाळच्या गाडीनं जायचं, रात्रीच्या गाडीनं यायचं. आठवडाभर तिच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

शनिवारी कमलबाईनं भरीत डबीत भरून आणलं, वरून एक पळी तेल. उद्या सारिका घरात नसणार, निवांत खाऊ. हा विचार तिनं केला होता. नंतर तिला तोच सगळ्यात जास्त टोचला. निवांतपणासाठीही ती थांबली नाही. रविवारी सकाळी सारिका न्हाणीत होती तेवढ्यात गार भरीत, शिळी भाकरी. सात वाजता. पाऊण तासानं पोट धावलं.

साडेआठपर्यंत चार वेळा. पाचव्यांदा ती न्हाणीतल्या संडासात बसलेली असताना पत्र्याच्या दारातून नवलचा आवाज आला.

"कशी जाणार तू? तिला उभं राहता येईना."

"तुम्ही आहात ना घरी, आज सुट्टी आहे तुमची."

"मला काय कळतं त्यातलं? आणि हे कोणाच्या हातच्या खाण्यानं होतंय? थांब तू."

मग एक आवाज आला. बॅगेची चेन उघडायचा. सारिका सामान बाहेर काढत होती. बांगड्या फरशीवर ठेवताना किणकिणल्या.

बोल, कमलबाईनं स्वतःला सांगितलं. आत्ता बोल.

तिनं बादलीत नळ सोडला. बादली भरली, सांडायला लागली. ती सांडणाऱ्या पाण्याकडे बघत राहिली. लाजेचं काय असतं, मेलं, पोटाची लाज ही सगळ्यात वाईट. चोरी केली तर माणूस चोर होतो. चोरून खाऊन हगवण लावून घेतली, तर त्याचं हसं होतं. कोकिळा हसेल, भाऊ हसेल, नवल कारखान्यात सांगेल. असं करत करत लाइनीवरून शिटी आली. दोंडाईच्याची गाडी. डबे खडखडत गेले, न्हाणीच्या भिंतीला बारीक थरथर आली.

गाडी गेल्यावर कमलबाई बोलली.

"नवल."

"काय, आई?"

"त्या कॅनवर रेघा नको मारू."

"काय?"

"ते तेल कोकिळाचं शे. रोज जायची मी. भरीत खायला." नळ बंद करून ती पुन्हा म्हणाली, या वेळी मोठ्यानं, "बठ्ठं मन्हंच शे रे. सारिकाचं काही नाही त्यात."

 बाहेरून नवल म्हणाला, "तू तर देवळात जायचीस ना?"

"देऊळ दुपारी बंद असतं, अहो," सारिका म्हणाली. एवढंच. आणि चेन ओढल्याचा आवाज आला, या वेळी बंद व्हायचा.

*

नवलनं गाडीला किक मारून तिला बसस्टँडवर सोडलं. आधी धुळ्याची बस, मग दोंडाईच्याची. साखरपुडा साडेबाराचा. सारिका पोचली सव्वातीनला. ओटी काकूनं भरली होती.

दीड वाजता नवलच्या फोनवर फोटो आला. कमलबाईनं दोन बोटांनी तो मोठा केला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवला. सारिका त्यात नसणार हे तिला माहीत होतं. तरी तिनं दोनदा शोधलं.

धुळ्याच्या स्टँडवरून सारिकाचा फोन येऊन गेला होता. "आई, मीठ-साखरेचं पाणी घेतलं का? ताक झाकून ठेवलंय. एकदम नका पिऊ, थोडं थोडं घ्या."

"पोरी, मी..."

"बस लागली, आई. ठेवते."

संध्याकाळी कमलबाईनं कॅन पुढ्यात घेतला. रेघा पाण्यानं निघेनात, साबणानं निघेनात. शेवटी बोटावर त्याच कॅनमधलं तेल घेऊन घासलं, तेव्हा पसरायला लागल्या. नवल दारात उभा राहून बघत होता. त्यानं मार्कर खिशातून काढून ओट्यावर ठेवला. तिची बोटं काळी झाली.

साखरपुड्याच्या आधीच्या मंगळवारी सारिका कोकिळाच्या दुकानावर गेली होती. आमच्या आईंच्या भरितात तेल अर्धंच घाला, तिनं सांगितलं होतं, आणि मी आले होते हे त्यांना कळू देऊ नका.