बेचाळिसावं नाव

फोन पुन्हा मेला. एकेचाळीस नावं लिहून झाली होती. बेचाळिसाव्यासाठी पेन टेकवला आणि कानात नुसती खरखर. समोरून हेडक्लार्क मोरोपंत उठले आणि म्हणाले, "लावलेस पुन्हा दिवे?"

मी गप्प बसलो. गप्प बसायचं हा त्यांचाच हुकूम. अकोल्याच्या शाळाखात्यात लागलो त्या पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "श्रावण, वरच्या ऑफिसशी तोंड वाजवायचं नाही. ते सांगतील ते मुकाट लिहायचं." हे सांगताना हातातला कागद त्यांनी माझ्या टेबलावर वीतभर वरून सोडला, बोट लागू नये म्हणून. सन बासष्ट होतं. आम्हाला बौद्ध होऊन सहा वर्षं झाली होती, पण मोरोपंतांच्या बोटांना ते कोणी कळवलं नव्हतं.

दर शनिवारी अमरावतीच्या वरच्या ऑफिसातून ट्रंककॉल यायचा. तिथले खुशालराव नव्या मास्तरांची नावं आणि गावं वाचायचे, मी लिहून घ्यायचो, सोमवारी मास्तर शाळेवर हजर. वीस-तीस नावं सुरळीत यायची. दिवाळीनंतर यादी शंभरावर गेली आणि फोन तुटायला लागला. पुन्हा कॉल लागायला दोन तास, आणि लागला की खुशालराव पुन्हा पहिल्या नावापासून सुरू. पुन्हा एकेचाळीसला फोन ठप्प. उरलेले मास्तर घरी बसून राहिले.

मोरोपंतांनी साहेबांना सांगितलं, याला झेपत नाही, फोन हाच ठेवून देतो. धादांत खोटं. साहेब म्हणाले, येत्या शनिवारी यादी पुरी आली नाही तर घरी पाठवा. मी टेंपररी होतो. घरी पाठवा म्हणजे कापसाच्या जिनिंगमध्ये बापाशेजारी गाठी उचलायला पाठवा. मॅट्रिकला दोनदा बसलो, ते काय यासाठी?

रविवारभर डोकं पिंजलं. दर वेळी एकेचाळीसलाच का? मग आठवलं, तुटायच्या आधी कागद चाळल्याचा आवाज येतो. खुशालरावांचं पान तिथं संपतं, ते दुसरं शोधतात आणि तेवढा वेळ थांबतात. सोमवारी टेलिफोन एक्स्चेंजवर गेलो. तिथं वायरी जोडायला माणिकबाई होत्या. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"मी मंधात मंधात कान लावतो ना. दोन्हीकून आवाज नसला का समजतो बोलनं संपलं, अन् वायर काढून घेतो. लोकं खोळंबून राहतेत बाप्पा. मुका हायेस काय तू? हूं तरी म्हनत जाय."

एवढंच! माझाच मला राग आला. धावत येऊन मोरोपंतांना सांगितलं, तर ते लालबुंद.

"म्हणजे चूक माझी, असं म्हणायचंय तुला? बोलायचं नाही म्हणजे नाही. एक शब्द काढलास तर त्याच दिवशी रस्ता धरायचा."

आता घ्या. गप्प बसलो तर यादी तुटणार आणि मी जाणार. बोललो तरी मी जाणार.

शनिवारी साहेब स्वतः येऊन उभे राहिले. एकोणचाळीस. चाळीस. एकेचाळीस. पलीकडे कागद चाळायला लागले. मोरोपंत माझ्या तोंडाकडे बघत होते.

"हाव, लिहिलं," मी मोठ्यानं म्हणालो. "म्हना पुढं, आयकून राहिलो."

बेचाळिसावं नाव आलं. मग मी प्रत्येक नावाला हो म्हणत गेलो. एकशे अठरा नावं आली, शेवटच्या गावासकट. खुशालराव फोन ठेवताना म्हणाले, "बरं झालं बाबू, आज आवाज आला तुमचा. मले वाटे तिकडं कोनी आयकूनच नाई राहिलं."

साहेबांनी यादीवर सही ठोकली आणि खूश होऊन गेले. सोमवारी माझ्या हातात कामावरून काढल्याचा कागद पडला, वरिष्ठांचा हुकूम मोडला म्हणून. साहेबांकडे गेलो तर ते फायलीतून मान वर काढीनात. हेडक्लार्कच्या शब्दाबाहेर कसं जायचं, एवढं पुटपुटले. मग मी सरळ मोरोपंतांपुढं जाऊन उभा राहिलो.

"यादी पुरी आली. मंग मले कावून काढून राहिले?"

"यादी काय, ती येतच असते," ते म्हणाले. दुसरा क्लार्क मिळेपर्यंत फोन आपणच घेऊ, असंही म्हणाले.

पुढच्या शनिवारी मी जिनिंगमध्ये होतो. दुपारच्या सुट्टीत, अंगावर सरकी-कापूस तसाच, ऑफिसच्या खिडकीशी गेलो. का गेलो? बघायला गेलो, दुसरं काय. मोरोपंत फोनला चिकटले होते, मान खाली, पेन चालू. "हो," ते म्हणत होते. "हो. लिहिलं. हो जी."

त्यांनी वर पाहिलं. मी दिसलो. चेहरा असा झाला की आता शिव्या घालणार. पण पलीकडे पान उलटत असावं. त्यांनी घाईघाईनं खाली बघितलं आणि पुन्हा म्हणाले, "हो, हो, ऐकतोय."

जिनिंगचा भोंगा झाला. तरी यादी संपेपर्यंत मी तिथून हललो नाही.