दिव्यासमोर थांबलेले रीळ

मित्रांनो, आज मी आपणांसमोर माझे जीवनवृत्त यथामति निवेदन करणार आहे. त्यात हास्य आहे, परंतु ते प्रेक्षकांचे आहे. माझ्या वाट्यास केवळ भय आले. कृपया शेवटपर्यंत वाचावे.

मी एक जुन्या मूकपटाचे रीळ आहे. तोक्यो नगरीत माझा जन्म झाला. माझी काया अशा पदार्थाची आहे की जो भडकन पेटतो आणि पाण्यानेही विझत नाही. माझ्या डब्यावर 'विस्तवापासून दूर ठेवा' असे लिहिलेले होते. मला मात्र जन्मभर तप्त दिव्यासमोरूनच चालावे लागले.

माझ्या अंगावर पाच विद्यार्थ्यांची विनोदी कथा होती. अभ्यास कोणाचाच नाही आणि पाचांत मिळून महाविद्यालयाची टोपी एकच. टोपीशिवाय परीक्षेस प्रवेश नाही. म्हणून आत गेलेला विद्यार्थी खिडकीतून टोपी फेकी, खालचा ती झेली. अखेरीस ती सोबा नावाच्या शेवया विकणाऱ्याच्या उकळत्या पातेल्यात पडे.

त्याच नगरीच्या कांदा नावाच्या भागातील एका लाकडी चित्रगृहात मी लागत असे. पडद्याशेजारी कायानो तोसुई नावाचा बेन्शी बसून सर्व पात्रांचे बोलणे एकटाच बोले. त्याच्या पायाखाली घंटेची कळ होती. ती दाबली की वरच्या खोलीत यंत्रचालक इवाकिची यंत्राचा दांडा मंद फिरवी, म्हणजे तोसुईस बोलण्यास अवकाश मिळे. मी मंदावले की मला दिव्याची धग लागे आणि माझे प्राण कंठाशी येत.

एके दुपारी खेळापूर्वी चित्रगृहाचे मालक ओनुमा तोसुईला म्हणाले, "तोसुई, पुढच्या महिन्यापासून बोलपट लावतोय. मग तुझं काय काम?"

"मालक, पोरं पडद्यासाठी येतात का माझ्यासाठी, ते आज बघाच!"

चित्रगृह विद्यार्थ्यांनी गच्च भरले होते. दाराशी सर्वांच्या लाकडी खडावांचा ढीग होता. टोपी खिडकीतून उडाली, तोच एक जण तोसुईला ओरडून म्हणाला, "मास्तर, त्या टोपीत उवा किती?"

"पाच डोक्यांवर फिरून त्याच तेवढ्या पदवीधर झाल्यात बाबा!"

हास्याचा कल्लोळ उसळला. तोसुईने कळ दाबली. पुन्हा दाबली. त्यास आणखी एक विनोद करावयाचा होता, मग आणखी एक.

"अहो, किती हळू? हातच थांबतोय माझा!" इवाकिची पुटपुटला.

टोपी हवेत, आणि मी दिव्यासमोर स्तब्ध. माझ्या अंगावर तपकिरी डाग पडला. तो फुगला, पसरला. पडद्यावर टोपीस भोक पडू लागले.

"टोपी तळली रे तळली!" विद्यार्थी टाळ्या पिटू लागले. त्यांना तोही विनोदच वाटला. हे सारे माझ्यासह भस्म होणार!

तोसुईने ते पाहिले. 'आग' असे म्हणताच सारे एकमेकांस तुडवीत त्या खडावांवर कोसळले असते. म्हणून तो त्याच लाडिक स्वरात म्हणाला, "इवाकिची, ही टोपी करपली! तवा उतरव, पुढचं वाढ!"

इवाकिचीने उघड्या हातांनी मला तोडले आणि दिव्यावर झाकण घातले. त्याची बोटे भाजली. पडदा काळा झाला. त्या अंधारात, चित्रावाचून, तोसुई पाचही विद्यार्थ्यांच्या आवाजांत बोलत राहिला. एकही पोर उठले नाही.

नंतर मालक म्हणाले, "तोसुई, आज तू पोरं वाचवलीस."

"मग मला ठेवणार ना?"

मालकांनी मान खाली घातली. "बोलपटाचं यंत्र मागवून झालंय रे."

निरोपादाखल तोसुईने मला मागून घेतले. माझा जळका भाग कापला गेला आहे. आता टोपी उडते ती उडतेच. पातेल्यात पडत नाही. ती पडल्याचे केवळ तोसुई सांगू शकतो.

सांप्रत मी त्याच्या गाद्यांच्या कपाटात असते. जुनेपणाने अंग चिकट झाले आहे, आणि मला आणखी लवकर पेटवणारा उन्हाळा जवळ आला आहे. अधूनमधून तो माझे झाकण उघडतो, वाकून पाहतो आणि टोपीचा विनोद हळूच स्वतःशी म्हणतो. त्या वेळी त्याच्या तोंडात पेटती चिलीम असते. ठिणगी हलते आणि मी मूक असल्याने ओरडू शकत नाही.

मित्रांनो, तोसुईच्या गल्लीतून गेलात तर त्यास एवढेच सांगा, "मास्तर, आधी ती चिलीम बाहेर ठेवा. मग बसा आणि टोपीची गोष्ट आम्हाला सांगा."

आपण वाचण्याचे कष्ट घेतलेत, याबद्दल ऋणी आहे.

आपले नम्र,
'पाचांची टोपी' या मूकपटाचे तिसरे रीळ